तिच्या मानेवरची जळू

आधी वाऱ्याचं सांगते. वारा कळला नाही तर मी किती मोठी बावळट ठरले, तेही तुम्हाला कळायचं नाही.

सायकलची शर्यत टीव्हीवर बघताना वाटतं, त्यात काय, जिच्या पायात जोर ती जिंकणार. दुरून डोंगर साजरे! खरं वैर असतं समोरच्या हवेशी. वेग वाढला की ती अंगावर येते, आणि तिला फोडण्यातच निम्मी ताकद खर्ची पडते. पण पुढच्या सायकलच्या चाकाला चिकटून मागे बसलं की आडोसा मिळतो, कष्ट भरपूर वाचतात. म्हणून प्रत्येक टीममध्ये एक लीडर असते आणि बाकीच्या असतात ओढणाऱ्या. आम्ही वारा खायचा, लीडरनं आडोशाला बसायचं, आणि शेवटच्या चढाला ताजे पाय घेऊन पुढे निघून जायचं. हार तिच्या गळ्यात, फोटो तिचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट माज होता मला. माझ्यामागे बसलेली पोरगी जिंकते, असं मी सगळ्या तासगावाला सांगत सुटायचे.

ओढणारीचा हक्क एकच, कोपर. पुढे राहून दम संपला की उजवं कोपर बाहेर झटकायचं. 'माझं झालं, आता तू ये' असा त्याचा अर्थ. मागचीनं एक शब्द न विचारता पुढे यायचं आणि वारा आपल्या अंगावर घ्यायचा. हे मला शिकवलं घोडके सरांनी, सांगलीच्या मैदानावर, मी शाळेत असताना. "रेश्मे, तोंड खोटं बोलेल, चेहरा खोटं बोलेल. पण कोपर झटकलं की विषय संपला. कोपराचा मान राखायचा." परीक्षेच्या दिवसांत मी त्यांच्याच घरी राहायचे. काकू मला थालीपीठ करून घालायच्या आणि सर शेजारी बसून माझ्या सायकलची साखळी पुसायचे. बापाच्या जागी मानायचे मी त्या माणसाला.

पुढे सर 'रानवारा रेसिंग' या मोठ्या टीमचे संचालक झाले आणि मला सोबत घेऊन गेले. तिथे लीडर होती नाशिकची मृणाल ठोंबरे. नाजूक अंगाची, पण चढावर वाघीण. आम्ही दोघी एका खोलीत. आठवड्याभरात अशी गट्टी जमली की ती माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता संपवायची आणि मी तिला न विचारता तिचे मोजे घालायचे.

त्याच वर्षी जळू आली.

कंपनीनं तिला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण काळं, बोटाएवढं, मानेला मागून चिकटणारं यंत्र बघून आम्ही पोरींनी पहिल्याच दिवशी तिचं बारसं करून टाकलं. जळूची कामं दोन. पहिलं मोजायचं. घाम, अंगाची उष्णता, हृदयाचे ठोके, स्नायूंतला प्राणवायू, सगळ्याची गोळाबेरीज करून एकच आकडा काढायचा: शिल्लक. तुमच्या अंगात शंभरातलं अजून किती बाकी आहे ते. तो आकडा आम्हाला दिसायचा नाही. तो जायचा मागून येणाऱ्या गाडीत, सरांच्या पडद्यावर. गाडी आपली आपण चालायची, त्यामुळे सरांचे डोळे आणि हात मोकळे असायचे.

दुसरं काम विश्रांतीचं. सरांनी फळ्यावर डोकं काढून समजावलं होतं. "थकवा पायात असतो असं वाटतं ना तुम्हाला? नसतो. थकवा हा मेंदूचा अंदाज असतो. मेंदू चिक्कू आहे. शरीरात बरंच काही शिल्लक असतानाच तो ओरडायला लागतो, 'थांब, मरशील!' कानामागून एक नस जाते. तिच्यातून अगदी बारीक विजेचा प्रवाह सोडला की मेंदूला निरोप जातो, सगळं ठीक आहे. मेंदू शांत होतो. शर्यत संपल्यावर झोपेसाठी हे छान."

"आणि सर, शर्यतीत सोडला तर?" मृणालनं विचारलं होतं.

"तर ती फसवणूक," सर म्हणाले. "नियमाप्रमाणे शर्यतीत फक्त मोजणी. हिरवा दिवा म्हणजे मोजणी, निळा म्हणजे प्रवाह. पंच रोज सकाळी बघणार. आणि शिवाय, मेंदूचं ओरडणं बंद केलं म्हणजे संकट टळत नाही, पोरींनो. घरात आग लागलीय आणि तुम्ही घंटा बंद केलीत, असं होतं ते."

म्हणजे त्यांना सगळं पक्कं माहीत होतं. फळ्यावर लिहून शिकवलं होतं त्यांनी.

आता गंमत ऐका. त्या मोसमात मी दमायचेच नाही. तासन्‌तास पुढे, तोंडावर वारा, आणि पाय आपले लोण्यासारखे फिरतायत. कोपर झटकायची वेळच येईना. कधी शंका आली, की बाई पुरे आता, तर कानातल्या इअरपीसमध्ये सरांचा आवाज, "कोपर खाली, रेश्मे. तुझं अजून भरपूर शिल्लक आहे. ओढ." आणि मी ओढायचे. सर आपले गाडीत गार हवेत बसून उंटावरून शेळ्या हाकायचे, पण मला तेव्हा तसं वाटलं नाही. मला वाटायचं, सरांना माझ्यातलं काहीतरी दिसतं जे मलाही दिसत नाही.

संध्याकाळी मात्र जळू काढली की काय व्हायचं ते सांगण्यासारखं नाही. हाडं सोलून काढल्यासारखं अंग दुखायचं. जिना चढताना कठडा धरून बसून घ्यायचे. लघवी कोऱ्या चहासारखी व्हायची. सरांना सांगितलं तर म्हणाले, "पाणी कमी पितेस तू." मी पाणी वाढवलं. नंदुरबारची ललिता पाडवी आमच्यातलीच एक ओढणारी. तिनं एक दिवस सरळ सांगितलं, "सर, माझं शरीर माझं राहिलेलं नाही." चार दिवसांनी तिचं सामान बांधलं गेलं. मनानं कच्ची आहे, असा शेरा बसला. तिच्या किडन्या बिघडल्याचं नंतर कानावर आलं.

आई रोज फोनवर विचारायची, "दमलीस का गं?"

"नाही गं. काहीच वाटत नाही."

"काहीच वाटत नाही म्हणजे? एवढाले घाट चढतेस. बैलालासुद्धा दम लागतो, रेशा."

मी हसायचे. म्हणायचे, तुझी पोरगी बैलापेक्षा भारी आहे.

*

दख्खन फेरी या कित्येक दिवसांच्या शर्यतीचा सगळ्यात अवघड टप्पा महाडहून निघून पोलादपूरवरून आंबेनळी घाटानं महाबळेश्वरला जातो. आदल्या दिवशी महाडच्या हॉटेलात उतरलो. कोकणातला मार्च, अंगाची नुसती लाही. खोलीतला एसी नेमका मृणालच्या पलंगावर वारा मारत होता. आता सायकलवाल्यांचं एक वेड तुम्हाला सांगते. लीडरच्या घशाला एसीचा झोत लागू द्यायचा नाही. घसा धरला की शर्यत गेली. दिवसा तिच्यासाठी वारा आपण खायचा आणि झोपतानाही आपणच खायचा, अशी ती रीत आहे.

"ऊठ, माझ्या पलंगावर जा," मी म्हटलं.

"अगं, राहू दे ना."

"गप. तुझा घसा माझ्या गळ्यापेक्षा महाग आहे."

आम्ही पलंग बदलले. आणि तिथेच सगळं फिरलं.

स्वतःची जळू स्वतःला लावता येत नाही, मानेमागे डोळे नसतात. म्हणून रोज सकाळी मी तिची लावायची, ती माझी. दोन्ही जळवा पलंगांमधल्या टेबलावर चार्जरवर असायच्या, मृणालकडची मृणालची, माझ्याकडची माझी. मोसमभर न बघता हात जायचा. त्या सकाळीही गेला. पण चार्जर होता तिथेच राहिला होता आणि पलंग बदलले होते आम्ही. माझ्या जळूवर मी नेलपॉलिशचा शेंदरी ठिपका दिला होता, तोसुद्धा दोघींनी पाहिला नाही. निघायची घाई होती, तिची वेणी घालायची होती. पंचांनी दिवे बघितले. दोन्ही हिरवे.

पोलादपूर सुटलं आणि चढ सुरू झाला तेव्हाच मला कळलं की आज काहीतरी बिनसलंय. मांड्या पेटल्या. छातीत हवा मावेना. तोंडात तांब्याची चव. मला वाटलं, संपलं, ललितासारखं माझंही झालं. मी कोपर झटकलं.

"कोपर खाली!" कानात सर. "तुझं बासष्ट शिल्लक आहे, रेश्मे. नाटकं नकोत. मृणाल, तू मात्र जपून. तुझं फार झपाट्यानं उतरतंय. रेश्माच्या मागे बस, पाणी पी."

"सर, नाही जमत मला," मी कशीबशी बोलले.

"जमतंय. थांब, मी बघतो."

बघतो म्हणजे काय बघतो, हे त्या वेळी डोक्यात आलं नाही. थोड्या वेळानं मागून मृणालचा आवाज आला, लहान पोरीसारखा खुशीत. "रेशा, मला काहीच होत नाहीये गं! पाय नुसते उडतायत!"

"मृणाल, मागे!" सर ओरडले. "तुझं अठरा आहे! पुढे जायचं नाही!"

"काय लावलंय यांनी," ती म्हणाली. तिनं कानातलं इअरपीस उपटून जर्सीत खुपसलं, सीटवरून उठली आणि माझ्या शेजारून सुसाट पुढे गेली. जाताना तिची मान माझ्या डोळ्यांसमोरून गेली. वेणीखाली काळी जळू. जळूवर शेंदरी ठिपका.

मला पहिल्यांदा हसू आलं बघा. म्हटलं, हात्तिच्या! आकड्यांची अदलाबदल झालीय. ते अठरा माझं आहे आणि बासष्ट तिचं. सर बिचारे उगाच तिला मागे खेचतायत आणि मला पिटाळतायत. चला, सांगून टाकू, म्हणजे तिलाही मोकळं जाता येईल आणि मलाही सुटका.

"सर," मी म्हटलं, "घोटाळा झालाय. जळवा बदलल्यात आमच्या. तिची माझ्याकडे आहे, माझी तिच्या मानेवर आहे."

इअरपीसमधून मग जो आवाज आला तो मी त्या माणसाचा कधी ऐकला नव्हता.

"थांबव तिला! रेश्मा, थांबव! अगं मरेल ती! मृणाल! मृणाल, उतर, उतर खाली!"

मी पाय मारत होते, श्वास घेत होते, आणि डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत होती. हिचं तर बासष्ट आहे. बासष्ट शिल्लक असलेली पोरगी कशाला मरेल? तिच्या मानेवर आहे काय, तर माझी जळू. जी मी मोसमभर घातली. जी घालून मी मरेन म्हणून कुणी कधी असं ओरडलं नाही.

"सर, बंद करा ना मग तिकडून," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं.

"रेंज येत नाहीये गं! डोंगर आडवा आलाय!"

झालं. स्वतःच्या तोंडानं सरच बोलले. बंद करण्यासारखं काहीतरी होतं, तर. त्या वाहिनीवर आमच्या बाकीच्या तिघीही ऐकत होत्या. कुणी ब्र काढला नाही. सरांची गाडी शहाणी होती. घोळका फुटलेला, रस्ता अरुंद, पंचांची परवानगी आल्याशिवाय ती कुणाला ओलांडून जाईना. सर आत बसून गाडीलाच शिव्या घालत होते, तेही मला ऐकू येत होतं.

मी काय करायला हवं होतं? उतरून कठड्यावर बसले असते तर कुणी मला दोष दिला नसता. आणि खरं सांगते, एकदा वाटलंही, बसावं. पण पुढे मृणाल होती, आणि तिला काही ठाऊकच नाही असं मी धरून चालले होते. म्हणून गेले. तो चढ मी आयुष्यात विसरणार नाही. मोसमभर उसना घेतलेला दम त्या दिवशी माझा मलाच फेडावा लागला. रडत होते, आई आई करत होते, पण गेले.

वाडा कुंभरोशीच्या पुढच्या एका वळणावर ती दिसली.  ती हसत होती. चेहरा लालबुंद, कातडी कोरडी, घामाचा टिपूस नाही. ओठ फुटलेले. सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झोकांड्या खात चाललेली, दरीच्या बाजूला कठड्याला जवळजवळ घासून परत फिरली. आणि ही बाई हसतेय!

"रेशा, आलीस? बघ ना, मला अजून काहीच होत नाहीये."

मी तिची जर्सी धरली आणि सगळं वजन डोंगराच्या बाजूला टाकलं. दोघी सायकलींसकट गवतात आपटलो. तिच्या मानेवरची जळू मी नखांनी ओरबाडून काढली.

दोन-तीन श्वास गेले असतील. मग ते आलं. आधी तिचे डोळे मोठे झाले. मग पायात गोळे आले आणि ती अशी किंचाळली की वरच्या झाडावरची माकडं पळाली. मी बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, मानेवर ओतलं, तिला पोटाशी धरून बसले.

"आई गं... काय आहे हे... रेशा, मी मरतेय का?"

"नाही मरत," मी म्हटलं. "मला रोज संध्याकाळी होतं हे."

"रोज?" ती हुंदके देत होती. "रोज असं? मला वाटलं... थोडंसं अंग दुखत असेल. सर म्हणाले थोडंसंच दुखतं."

माझे हात तिच्या पाठीवर तसेच थांबले. "कधी म्हणाले सर?"

तिनं तोंड माझ्या कुशीत लपवलं.

"मृणाल, कधी म्हणाले?"

"मोसमाच्या सुरुवातीला." तिनं डोळे मिटून घेतले. "मला वाटलं, तुला विचारलंय त्यांनी. तुला माहीत असेल, तू तयार असशील असं वाटलं. तू कधी बोलली नाहीस, म्हणून मीही नाही काढला विषय."

रोज सकाळी ती स्वतःच्या हातानं माझ्या मानेला लावायची ते. वर म्हणायची, "नीट बसली का गं? टोचत नाही ना?" केसानं गळा कापणं म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं. माझी तर केस बाजूला करून मान कापली होती.

गाडी आली. सर धावत आले आणि मृणालला उचललं. मी तिथेच गवतात होते. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, उठवायला.

"जळू दे," ते म्हणाले.

मी मूठ आवळून घेतली.

*

महाबळेश्वरच्या हॉस्पिटलात मृणालला ऊन लागलं म्हणून दाखल केलं. सर बाहेर व्हरांड्यात शहाळं घेऊन माझ्याजवळ आले. शेजारी बसले, पूर्वी घरी बसायचे तसे.

"मालकांचा दबाव होता, रेश्मे. टीम बंद पडली असती. मी तुझं वाईट चिंतेन का?"

"ललिताचं काय चिंतलंत?"

सर शहाळ्यातली नळी नीट करत राहिले.

"सर, तुम्ही मला विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"मग विचारायचं होतं की!" माझा आवाज इतका चढला की आतून नर्स डोकावली. "म्हटलंच असतं मी हो! तुम्ही विहिरीत उडी मार म्हणाला असतात तरी मारली असती. तेवढंसुद्धा विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

मला आजही तेच झोंबतं. किडनीचं जे व्हायचं ते होवो, पण त्या माणसाला माझा होकारसुद्धा नको होता. ओझ्याच्या बैलाला कोण विचारतं?

उठताना सर हळू आवाजात म्हणाले, "नीट विचार कर. ती वस्तू घेऊन पंचांकडे गेलीस तर पहिली बुडशील तू. मानेवर तूच घातली होतीस ती, आणि तुझाच ठिपका आहे त्यावर."

मी त्याच संध्याकाळी पंचांकडे गेले. जळू टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं.

*

चौकशी पुण्याला झाली. तोवर सरांनी बाकी सगळ्यांच्या जळवा दुरुस्तीच्या नावाखाली गोळा करून नव्या दिल्या होत्या. गाडीतल्या संगणकावर काही उरलं नव्हतं. तज्ज्ञांनी माझी जळू उघडली, तर आतला निळा दिवा तोडलेला, शर्यतीतही प्रवाह सोडता येईल अशी फिरवाफिरवी केलेली. पण केली कुणी? सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. म्हणाले, "जळवा मुलींच्याच ताब्यात असतात. या मुलीनं स्वतःच बाहेरून करून घेतलं असावं. मला दुःख होतंय हे सांगताना. मुलीसारखी वाढवलीय मी तिला." आणि डोळे पुसले. खोटे नव्हते ते अश्रू, हे सांगायलाच हवं. त्यामुळे तर जास्त संताप आला. बाकीच्या तिघींना इअरपीसमधलं काही नीट ऐकू आलं नव्हतं म्हणे.

उरली मृणाल. त्या दिवशी माझी जळू तिच्या मानेवर होती आणि त्या जळूचं सरांनी तिला मोसमाच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, एवढं तिनं सांगितलं की पुरे होतं. स्वतःच्या मानेवर आलेलं हे दुखणं तिनं स्वतःहून करून घेतलं असेल, असं कुणीच म्हणू शकलं नसतं. मी सुटले असते. ललिताच्या नावावरचा शेरा पुसला गेला असता. सर आत गेले असते.

अध्यक्ष बाई वयस्कर होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी विचारलं, "ठोंबरे, घाटात तुमच्या मानेवर कुणाचं यंत्र होतं?"

मृणाल माझ्या समोरच्या खुर्चीत होती. अंगावर टीमचं नवीन जाकीट. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

मला बोलायचं नाही अशी ताकीद होती. मी फक्त उजवं कोपर बाहेर झटकलं.

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला वाटलं असतं, पोरीला माशी चावली. पण तिनं पाहिलं. तिला नेमकं कळलं, तिचे डोळेच कोपराकडे गेले. मोसमभर तुझा वारा खाल्ला, आता माझं संपलं. आता एकदाच तू पुढे ये. घोडके सरांनीही पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

मृणालनं जाकिटाची चेन वर ओढली.

"माझ्या मानेवर माझंच यंत्र होतं, मॅडम," ती म्हणाली. "मला ऊन लागलं होतं. रेश्मानं मला सावरलं, पाणी दिलं. त्याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी राहीन."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातली गत. मी काही संन्यासी नव्हते, पण फाशी मलाच झाली. शर्यतींतून कायमची बंदी. निकाल वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं होतं मी टेबल उलथवीन, कुणाची तरी गचांडी धरीन. काहीच केलं नाही. बॅग उचलली आणि बाहेर आले.

लिफ्टपाशी सर आणि मृणाल उभे होते, म्हणून मी जिन्यानं उतरायला लागले. मधल्या मजल्यावर आले तर पोटऱ्या दुखत होत्या, पाठ दुखत होती, डोळ्यांच्या मागे दुखत होतं. मी सवयीनं तशीच पुढे उतरत राहिले. तेवढ्यात फोन वाजला. आईचा होता.

"काय झालं गं?"

सांगायला खूप होतं. पण तोंडातून आलं ते भलतंच.

"आई, मी दमले."

पलीकडून ती म्हणाली, "मग बस की गं जरा."

मी तिथेच पायरीवर बसले.